भिंतींना कान असतात म्हणे. आधी भिंत तर द्या!

आज एका क्लायंटने मला बंद दाराआड आपल्या कर्जाचा आकडा सांगितला आणि बाहेर सोफ्यावर बसलेला दुसरा क्लायंट म्हणाला, "अरे बापरे!"

काका सत्तरीचे. ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलणंही खणखणीत. मुलाच्या धंद्यासाठी काय काय गहाण टाकलं, त्यातलं सूनबाईला काय माहीत नाही, सगळं मन मोकळं करून सांगत होते. आणि त्या काचेच्या पेटीत माझी नुसती घालमेल. कारण मला माहीत आहे ना, आमच्या मीटिंग रूमचं पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकलं की संपतं. त्याच्या वर स्लॅबपर्यंत सगळ्या खोल्यांना मिळून एकच पोकळी. आवाज इकडून वर चढतो, तिकडे खाली उतरतो. दाराखाली बोटभर फट. तीन बाजूंनी काच, खाली टाइल्स, आणि आवाज पिऊन टाकेल असं चिंधीभर कापड त्या खोलीत नाही.

मी पुढे वाकून म्हटलं, "काका, जरा हळू बोलू या."
"काय?"
"हळू!"
"काय म्हणालात?"

शेवटी कागदावर लिहिलं: 'बाहेर सगळं ऐकू जातं.' काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं.

बाहेरची बाराच्या बारा माणसं एकदम कीबोर्डवर तुटून पडली. आठवडाभरात एवढं टायपिंग झालं नसेल. काकांनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या त्या भल्या थोरल्या स्क्रीनकडे. तिथे त्यांचाच हिशेब उघडा होता आणि स्क्रीनचं तोंड थेट लॉबीकडे. मी उठून स्क्रीनसमोर उभी राहिले, तर काकांनाच काही दिसेना. त्यांनी निमूटपणे फाइल बंद केली. "फोनवर बोलू," म्हणाले. त्यांचं चुकलं असतं तर मला इतका राग आला नसता.

निदान बसल्या माणसाची मान झाकेल एवढी फ्रॉस्टेड फिल्म लावा, असं चार महिने सांगतेय. उत्तर ठरलेलं: "ट्रान्सपरन्सी हे आपलं मूल्य आहे." मूल्य तुमचं, अब्रू काकांची! मागे मी जुने तक्ते काचेला चिकटवले होते, ते दुसऱ्या दिवशी गायब. म्हणे लूक मरतो. त्याच काचेच्या दारावर एक पाहुणे कपाळ आपटून बसले तेव्हा कुठे दोन टिकल्या लागल्या. टिकल्या!

मूळ दुखणं ते थ्रीडी चित्र. डिझायनरने मंजुरीसाठी आणलेलं. त्यात सगळे उभे, हसरे, हातात काहीच नाही. एका टेबलावर वायर नाही, फाइल नाही, कुणाची पिशवी नाही, आणि क्लायंट तर औषधालाही नाही. त्या चित्रातली माणसं काम करायला आलेलीच नव्हती. ऑफिस मात्र त्यांच्याच मापाने बांधलं. लॉबीतला सोफा घ्या. इतका खोल आणि बुटका की गुडघे दुखणारा माणूस त्यात बसतो तो मुक्कामालाच. साधी 45 सेंटीमीटर उंचीची, हात असलेली खुर्ची ठेवा म्हटलं तर डिझायनर माझ्याकडे असा बघतो, जणू मी लॉबीत खाट मागितली.

आणि "भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी बोलतात" हे कुणी यांच्या डोक्यात भरवलं? 2018 साली हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं. दोन कंपन्या, भिंती पाडण्याआधी आणि पाडल्यानंतर. समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. आमच्याकडे सेन्सरही नकोत, हेडफोन मोजा. माझ्या शेजारची मुलगी हाताच्या अंतरावरून मला मेसेज करते, "पेन आहे का?"

रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाने 1968 साली हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी हलवता येणारी पार्टिशनं काढली. हेतू हा की ज्याला जसं हवं तसं त्याने आपलं टेबल मांडावं. कंपन्यांनी त्यातून एकसारखी खुराडी केली, आणि शेवटी तोच त्याला वेडेपणा म्हणाला. पूर्वी मी त्या खुराड्यांना हसायचे. आज कुणी एक दिलं तर दाराला तोरण बांधीन. दार नसलं तरी!

एसीबद्दल तर बोलायलाच नको. बोलतेच. ऑफिसात किती थंड ठेवायचं याचं जुनं गणित 1960 च्या दशकातलं, चाळिशीच्या, 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरावर बेतलेलं, असं 2015 मध्ये दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तो चाळिशीचा पुरुष आमच्याकडे रिमोट घेऊन बसतो. बाकी आम्ही स्वेटरमध्ये. आणि एसीचा झोत नेमका क्लायंटच्या खुर्चीवर, त्यामुळे त्यांचे कागद उडतात आणि मी पेपरवेट शोधत फिरते.

भिंतीवरची 'मोठा विचार करा' ही अक्षरं, प्लास्टिकची झाडं आणि ज्याला त्याला 'व्हाइब' म्हणणारी माणसं, यांच्यावर वेगळं लिहीन. आज दम नाही.

काका गेल्यावर हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. फोन बूथमध्ये शिरले, दार ओढलं आणि मैत्रिणीला फोन लावला. पंधरा मिनिटं. सीलिंग, फिल्म, सोफा, रिमोटवाला, सगळ्यांचा नावानिशी उद्धार केला. साहेबांच्या 'ट्रान्सपरन्सी'ची तर नक्कलही केली. हलकं होऊन बाहेर आले तर मजला चिडीचूप. कुणीही टायपिंग करत नव्हतं. त्या बूथच्या दाराला रबरी पट्टी नाही आणि आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, हे लेखी कळवणारी ऑफिसातली एकमेव व्यक्ती मीच. मेलमधला मुद्दा क्रमांक 6.

तसं बघितलं तर नकाशा मंजुरीला फिरला तेव्हा "अप्रतिम!" असं पहिलं उत्तरही माझंच होतं. चार सेकंदांत दिलेलं. आपली जागा खिडकीशी आहे, एवढंच मी पाहिलं होतं. आता दुपारी तीन ते पाच ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि मी टोपी घालून काम करते. शेजारच्या मुलीने हेडफोन नेमका कुणामुळे घेतला, हेही आज मला कळलं.

जागेवर येऊन बसले तर कीबोर्डवर तिचीच चिठ्ठी: "मुद्दा 7, प्लग पॉइंट राहिला. उद्या परत फोन लावा ना. साहेब केबिनमध्येच आहेत, त्यांना स्वच्छ ऐकू येतं."