बनी तो बनी, नाही तर लिंक पाठवा

आमच्या बँडमध्ये वाजवणारे सहा आणि रेकॉर्डिंग पाठवणारा एक. तो एक त्या सहांतलाच. कीबोर्डवर बसतो आणि सध्या हे लिहितोय.

परभणीत ‘आमचा बँड आहे’ असं म्हटलं की समोरचा आधी लग्नाची तारीख सांगतो, मग घोड्याचं विचारतो. आमच्याकडं घोडा नाही. ऑक्टोपॅड म्हणजे काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम आहे, गिटार आहे, बेस आहे, ढोलकीवर मामा आहेत आणि गायला गुरुजी आहेत. गुरुजी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असतात. वर्षानुवर्षं एकाच व्हरांड्यात दोन-दोन वर्ग सांभाळल्यामुळं त्यांचा आवाज माइकशिवायही वसमत रोड ओलांडतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून सुटला. त्या दिवसाच्या कार्यक्रमाच्या तयारीतून आम्ही मात्र जुलैपासून सुटत नाही. त्यात गणपती आजूबाजूलाच.

तालीम बेसवाल्याच्या गोदामात. त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. गोदामाला पत्रे असले तरी युरियाची पोती छतापर्यंत रचलेली असली की आवाज असा गोळीबंद येतो की शहरातल्या स्टुडिओवाल्यानं यावं आणि बघावं. पण पाऊस पडला, पेरण्या सुरू झाल्या की पोती उठतात आणि खोली घुमायला लागते. पाऊस लांबला की आमचा साउंड चांगला. शेतकऱ्याचं आणि आमचं हित असं समोरासमोर उभं राहतं, म्हणून याबद्दल आम्ही बाहेर फार बोलत नाही.

रेकॉर्डिंगची गरज पडली ती गिटारवाला हिंजवडीला नोकरीला लागला तेव्हापासून. त्याला तिकडं चाल कळली पाहिजे, गुरुजींना एसटीत बसून शब्द घोकता आले पाहिजेत, मामांना घरी तुकडे पक्के करता आले पाहिजेत. अट एकच: पैसा लागू नये आणि डोकं लागू नये.

रेकॉर्डिंग करणं हा यातला सोपा भाग. फोन एका पोत्याला टेकवून उभा करायचा आणि लाल बटण दाबायचं. मात्र जो तो पाणी प्यायला उठतो तो जाता जाता फोन थोडा आपल्याकडं सरकवून जातो. तासाभरात फोन गोदामभर फिरतो. नंतर ऐकलं की तो कोणाकोणाकडं मुक्कामाला होता ते बरोबर कळतं. आधी सगळं ढोलकीमय, मग एकाएकी बेस, मग गुरुजींचा श्वास. शिवाय फोनचा एक स्वभाव असतो: आवाज बारीक झाला की तो आपणहून वाढवतो, मोठा झाला की दाबतो. त्यामुळं मामांचा जोरदार तुकडा आणि गाणं संपल्यावरची कुजबुज, दोन्ही एकाच आवाजात नोंदवलं जातं. ही कुजबुज पुढं महागात पडणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

भांडण लागतं ते ‘कशात पाठवायचं’ यावरून. ऑक्टोपॅडवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान असल्यामुळं असल्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. त्याचं म्हणणं, वेव्हच पाहिजे, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल. सीडीच्या दर्जाचं वेव्ह म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा, आणि डावं-उजवं असे दोन चॅनल. हिशेब मिनिटाला दहा एमबीवर जातो, तासाला सहाशेच्या पुढं. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्यानं ते 24 बिट आणि 48 हजार करून ठेवलं. तासाला एक जीबी. त्या तासातली बरीच मिनिटं ‘चहा सांगितला का’ या विषयावर असतात. तीही 24 बिटमध्ये.

आता हा एक जीबी पाठवायचा कसा? दिवसाला दीड जीबीचा पॅक, त्यातला निम्मा दुपारपर्यंत घरातल्यांनी मामा-मावश्यांशी व्हिडिओवर बोलून संपवलेला. पॅक संपला की नेट बंद पडत नाही, सेकंदाला 64 किलोबिटवर येतं. मी एकदा कागद घेऊन बसलो. ऑक्टोपॅडवाल्याची एक तासाची तालीम त्या वेगानं पाठवायला 36 तास लागतात. सीडीच्या दर्जाची पाठवली तर 22. मधेच रात्री बारा वाजता नवा पॅक सुरू होतो हे खरं, पण बारा वाजून एक मिनिटानं पुतण्या हॉटस्पॉट मागायला येतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्याच खेपेला पाच लाख लिटर. आणि आमचा आवाज काही वसमत रोडवरून नानलपेठेपर्यंत जाईना.

प्रत्येकानं आपापला मार्ग सुचवला. बेसवाला म्हणाला, मेल कर. जीमेलला 25 एमबीची मर्यादा आहे. वेव्हची अडीच मिनिटंही पुरी बसत नाहीत. अडीच मिनिटांत गुरुजींचा आलाप संपत नाही. व्हॉट्सॲपवर 2022 पासून दोन जीबीची फाइल डॉक्युमेंट म्हणून जाते, ते बरं पडलं असतं. पण पाठवलेलं उतरवून घ्यायला समोरच्याच्या फोनमध्ये जागा पाहिजे. बेसवाल्याच्या फोनमध्ये बोंडअळीचे व्हिडिओ, तणनाशकाचे व्हिडिओ आणि दोन वर्षांची ‘शुभ सकाळ’ची फुलं. एकही फूल खुडायला तो तयार नाही. म्हणे, गिऱ्हाइकानं पाठवलेली हायत.

गुरुजींनी स्वतःचा मार्ग काढला. एका फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, दुसऱ्या फोननं त्याची व्हॉइस नोट करायची आणि ती ग्रुपवर टाकायची. हे ते एसटीत बसून करत. त्यामुळं गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात ‘चारठाणा, चारठाणा कोण हाय’ असं कंडक्टरनं विचारलेलं आहे आणि ते बरोबर समेवर येतं. आता ते कडवं त्याच्याशिवाय ओकंबोकं वाटतं.

वुईट्रान्सफर नावाची एक सुटसुटीत सोय होती, पण मे 2020 मध्ये दूरसंचार खात्यानं ती देशात बंद करायला सांगितली. कारण सुरक्षेचं होतं. आमच्या तालमींचा त्याच्याशी संबंध नव्हता, एवढं इथं नमूद करून ठेवतो.

मग कोणीतरी यूट्यूब सुचवलं. आवाजाखाली एक काळं चित्र लावायचं आणि ‘अनलिस्टेड’ ठेवायचं, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसतं, पैसा लागत नाही आणि जागेचीही चिंता नाही. नव्या खात्याला फोन नंबरची पडताळणी करेपर्यंत 15 मिनिटांच्या वर टाकता येत नाही, म्हणून तालमीचे तुकडे केले. दुसऱ्याच तुकड्यावर सूचना आली की हे एका मूळ गाण्याशी जुळतंय, हक्क दुसऱ्याचे आहेत. गोदामात जल्लोष झाला. आमचं गाणं मूळ गाण्यासारखं वाजतं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी, यंत्रानं का होईना, कबूल केलं होतं. गुरुजींनी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. मामांना ऐकू गेलं तेव्हा ते म्हणाले, “मंग रेडिओवाल्यांला कामून कळंना?” आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर मामांनी तरुणपणी आवाज चाचणी दिली होती. तो विषय निघाला की तालीम त्या दिवसापुरती संपते.

सगळ्यात भरवशाचा मार्ग शेवटी गिटारवाल्याच्या आईनं दाखवला. त्या दर आठवड्याला पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर डबा पाठवतात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कधी तिळाची. “द्या ती तुमची पेन डराईव, डब्यात टाकते,” म्हणाल्या. रात्री नऊला गाडी निघाली की सकाळी सातला डबा पुण्यात. मी पुन्हा कागद घेतला. 32 जीबीचा पेन ड्राइव्ह दहा तासांत पोचला म्हणजे सेकंदाला सात मेगाबिट पडले. घरच्या संपलेल्या पॅकच्या शंभरपट वेग, वर धपाटे. ऑक्टोपॅडवाला खूश, त्याचे 24 बिट एकही न गळता जायला लागले. पुढं त्याला जोर चढला. त्यानं आठही माइक वेगवेगळे, रात्रभराचं सगळं एकाच फाइलमध्ये भरायचं ठरवलं. तेव्हा कळलं की पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला तर चार जीबीच्या वरची फाइल तो आत घेत नाही, जागा कितीही मोकळी असो. तो घोळ सोडवेपर्यंत गाडी निघून गेली आणि त्या आठवड्यात डबाही उशिरा गेला. मावशी अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत. शिवाय ट्रॅव्हल्सवाला नुसत्या डब्याचे पन्नास घ्यायचा, ‘त्यात विजेची वस्तू हाय’ कळल्यावर शंभर मागायला लागला. स्वस्त राहिलं नाही.

म्हणून मी ऑक्टोपॅडवाल्याला न विचारता एमपीथ्री करून टाकलं. 128 किलोबिटचं. मिनिटाला साधारण एक एमबी, तासाला अठ्ठावन्न. पॅक संपलेला असतानाही दोन तासांत जातं, म्हणजे तासाची तालीम पाठवायला जेवण आणि शतपावली पुरते. ऑक्टोपॅडवाल्यानं निषेध केला. म्हणे, त्यात वरचं उडतं. खरं आहे, एवढ्या कमी दरात साधारण सोळा हजार हर्ट्झच्या वरचं, म्हणजे अगदी तीक्ष्ण, बारीक आवाज, बहुतेक छाटलं जातं. मामांचं वय बासष्ट. त्यांच्या कानांनी ते काम आधीच करून ठेवलंय. गुरुजी शाळेत मधल्या सुट्टीची घंटा रोज जवळून ऐकतात. बेसवाल्याला वरचं कधीच नको होतं. राहता राहिला ऑक्टोपॅडवाला. त्याला मी एकदा दोन्ही फाइली नाव झाकून ऐकवल्या. त्यानं छातीठोकपणे एमपीथ्रीला वेव्ह म्हटलं. त्यानंतर त्यानं हा विषय गोदामात काढलेला नाही.

मग गूगल ड्राइव्हवर फोल्डर केला. फुकटात 15 जीबी मिळतात. त्यात मेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून बँडच्या नावानं वेगळं खातंच काढलं. अठ्ठावन्न एमबीच्या हिशेबानं अडीचशे तालमी मावतात. आमचा उत्साह बघता मुबलक झालं. फाइलचं नाव ठरलं: आधी साल, मग महिना, मग तारीख, म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. फोल्डर सुरुवातीला ‘मर्यादित’ ठेवला, ज्याचा मेल जोडला त्यालाच उघडेल असा. रात्री परवानगीची विनंती आली, पाठवणारा कोणी ‘किलर भाई 420’. मी घाबरून नाकारली. सकाळी मामांचा फोन.

“भैय्या, ते काय उघडायलं नाई बगा.”

“मामा, कोणत्या मेलवरून बघायलाव?”

“मेल नातवाचा हाय. मेल बी त्याचा, नेट बी त्याचं. माझा निस्ता मोबाइल.”

किलर भाई आठवीत आहे. पण सगळ्यांचेच मेल असे कुणाच्या ना कुणाच्या नावावर निघाले. गुरुजींचा शाळेच्या नावावर, बेसवाल्याचा खत कंपनीनं काढून दिलेला आणि पासवर्ड त्या कंपनीच्या माणसाकडं. शेवटी सेटिंग बदलून ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं केलं. सोपं झालं. फार सोपं झालं.

गुरुजींना नव्या गाण्याचं कौतुक. त्यांनी लिंक सासरवाडीच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती ऑक्टोपॅडवाल्याच्या बायकोकडं गेली, कारण परभणीत सगळे एकमेकांचे पाहुणे लागतात. तिनं गाणं पूर्ण ऐकलं. आमच्या बँडचं गाणं पूर्ण ऐकणारी ती पहिलीच. गाणं संपल्यावर तिनं बंद करायला पाहिजे होतं. तिनं केलं नाही, आणि फोननं स्वभावाप्रमाणं वाढवलेली कुजबुज स्वच्छ आली: “घरी अकरा सांगितलंय. नवालाच उरकू, मंग जिंतूर रोडला जाऊ, ढाब्यावर.” 128 किलोबिटमध्ये एक अक्षर गळालं नव्हतं. “बघ, वेव्हमध्ये असतं तर उघडलंच नसतं,” एवढं तो मला म्हणाला. तेव्हापासून त्याची तालीम आठला संपते आणि मी रात्री अकरापर्यंत बसून रेकॉर्डिंगमधलं बोलणं कापतो. त्याच्या बायकोला वाटतं मी अति मन लावून काम करतो. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे.

बाकी आता घडी बसलीय. गाण्यागाण्याचे तुकडे, तारखेनं लावलेले, एकच लिंक. मामा नातवाला वीस रुपये देऊन ऐकतात, तेही फक्त ढोलकी जिथं आहे तेवढं. बेसवाला ऐकतच नाही, पण ‘ऐकलं’ म्हणून अंगठा टाकतो. फाइल चढायच्या आधीही कधी कधी टाकतो. मागच्या रविवारचं रेकॉर्डिंग टाकलं तर दहा मिनिटांत पुण्याहून गिटारवाल्याचा मेसेज.

“दादा, मस्त झालंय. फक्त गिटार जरा कमी ऐकू यायलीय.”

“अरे, रविवारी तू पुण्यात होतास. गिटार नव्हतीच.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

“हाव, पण तरी जरा वाढवा ना.”