तबला शिकलेलं बोट

पाठीवर सहा, मानेवर एक. सातही रंगाच्या गोळ्या एकाच मार्करच्या (पेंटबॉलच्या बंदुकीला मार्कर म्हणतात), एकाच सेकंदातल्या. पहिली लागताच ‘आउट’ म्हणून हात वर करायला घेतला. तो खांद्यापर्यंत पोचेतो उरलेल्या सहा हजर.

न्यू जर्सीतलं पेंटबॉलचं मैदान. मारणारा तेरा-चौदा वर्षांचा. जाळीपलीकडे त्याची आई पोह्यांचा डबा उघडून बसलेली.

“अहो, एकेकच मारतो तो. बोट चपळ आहे. तबला शिकतोय ना!”

“वहिनी, सेकंदाला 10 गोळ्या?”

“द्रुत लयीत 10 बोल सहज निघतात.”

“ते दोन हातांनी!”

“इथंही दोन बोटं वापरतो की. घ्या, पोहे घ्या.”

दोन बोटं ट्रिगरवर आळीपाळीनं नाचवायची युक्ती खरोखरच आहे, त्यामुळे मी गप्प. मग सुचलं. “तबल्याला बॅटरी लागते का?”

“तानपुऱ्याला लागते हल्ली.”

या बॅटरीच्या कलेला रॅम्पिंग म्हणतात. पहिले काही चाप खरे. बोटानं ठरावीक वेग गाठला की पुढचा ठेका सर्किट बोर्ड धरतो. बोट नुसतं हलत राहिलं तरी पुरे. आमच्या भाड्याच्या मार्करला चाप एक, गोळी एक. हॉपरमधून, म्हणजे वरच्या गोळ्यांच्या डब्यातून, गोळ्या आपल्या वजनानं पडणार. घाई केली की गोळी बोल्ट नावाच्या दट्ट्याखाली अर्धवट येऊन आतच फुटते, नळी माखते आणि नेम आंब्याला धरला तर लागतो चिंचेला.

फाटकावर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो. मर्यादा सेकंदाला 280 फूट. 285 दिसले तर परत पाठवतात. तीनेक ग्रॅमची एक गोळी किती जोरात लागेल याची एवढी काळजी. किती लागतील, हे कुणी विचारत नाही! काही क्रोनोग्राफवर तोही आकडा दिसतो. पण फाटकावर साधा मोड दाखवून आत गेल्यावर बदलता येतो. म्हणून स्पर्धेच्या मार्करमध्ये मोडला कुलूप असतं. मार्करची मूठ खोलल्याशिवाय तो बदलत नाही. नवख्यांच्या डावात तेवढं कुलूप लावून ‘चाप एक, गोळी एक’ करायला काय जातं?

जातं ना. गोळ्या मैदानाकडूनच घ्याव्या लागतात. 2000 ची पेटी या वेगानं 200 सेकंदांत रिकामी. तबला पोराचा, बिदागी मैदानाला.

वहिनींना सांगितलं, 1981 साली न्यू हॅम्पशायरच्या रानात 12 जण पहिला डाव खेळले, झाडांवर खुणा करायची पिस्तुलं घेऊन. जिंकला तो एकही गोळी न झाडता.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “मग गेला कशाला होता?”