नुसतं ‘पाटील, कागल’ एवढ्यावर जहाजावरचा दोस्त सापडत नाही

एका लेखात वाचलं, कोल्हापूरच्या एका निवृत्त नौसैनिकांना १९८०च्या दशकातला जहाजावरचा मित्र शोधायचा आहे, म्हणून थोडं कामाचं.

ही दोस्ती जमते ती वॉचवर, म्हणजे जहाजावरच्या कामाच्या पाळीवर. दिवसाचे चार-चार तासांचे वॉच. फक्त दुपारी चार ते आठचे दोन तुकडे, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळं सहाऐवजी सात वॉच होतात आणि रात्री बारा ते चारची पाळी रोज त्याच लोकांच्या वाट्याला येत नाही. पण जोडीदार तोच राहतो! पहाटे तीनला इंजिनरूममध्ये गेज वाचून आकडे लॉगमध्ये टिपताना एकानं डोळा मिटला, तर दुसऱ्यानं जागं राहायचं.

आता शोधायचं कसं? जहाजावर हाक आडनावानं नाहीतर टोपणनावानं, तिथंच सगळं अडतं. आपल्याकडं पाटील किती, मोजा! पूर्ण नाव, ब्रँच (नौदलातली शाखा), हुद्दा, जहाज आणि साल लिहून काढा. सर्व्हिस नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. जुन्या ग्रुप फोटोच्या पाठीमागं बघाच. मग मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स आहे, नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारं नौदलाचं कार्यालय, तिथं पत्र टाका. पत्ता मागू नका, तो सहसा कुणी देत नाही. आपला फोन नंबर देऊन ‘निरोप पोचवा’ म्हणा. मित्र केरळचा असेल तर त्याच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयालाही लिहा. भरतीवेळचा पत्ता जुना निघतो, निवृत्तीनंतर माणूस मुलाकडं राहायला गेलेला असतो.