कंपनीचा ट्रिगर काढून फेकण्याआधी

नेमबाजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: 'कंपनीचा ट्रिगर जड असतो. बाहेरचा बसवा, गुण लगेच वाढतील. ट्रिगर जितका हलका तितका नेम पक्का.' वरळीच्या रेंजवर एका मुलीच्या वडिलांनी तो दाखवून विचारलं, "सर, मागवू का?"

जड, म्हणजे दाबायला जोर लागणारा, असतो खरा, पण कुठल्या रायफलचा? हे बोलणं अमेरिकेतल्या शिकारी रायफलींचं आहे. धक्क्याने गोळी सुटली तर कोर्टकचेरी नको, म्हणून तिथल्या कंपन्या ट्रिगर मुद्दाम दीड-दोन किलोवर ठेवत. तिथल्या रेमिंग्टन ७०० वर टिमनी कंपनीचा बाहेरचा ट्रिगर बसवणाऱ्याला मी हसणार नाही. पण आपली मुलं १० मीटर एअर रायफल मारतात. वॉल्थर, फाइनवर्कबाउ, अँशुट्झ यांच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलींचा ट्रिगर मुळातच शंभरेक ग्रॅमचा. तो दोन टप्प्यांत दाबायचा: आधी मोकळी चाल, मग बोटाला अडथळा लागतो तो दुसरा टप्पा, तो ओलांडला की शॉट. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन, शॉट सुटल्यानंतरची चाल, सगळं स्क्रूने जुळवता येतं. त्या स्क्रूंना हातही न लावता लोक नवा ट्रिगर मागवायला निघतात!

'हलका तितका पक्का' हे तर घातकच. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमची अट आहे, एअर रायफलला नाही, त्यामुळे मोह होतो. दहा गुणांचा ठिपका मात्र अर्ध्या मिलिमीटरचा. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने ट्रिगर इतका सैल केला की दुसरा टप्पा बोटाला लागेचना. बोट घामाने ओलं, आणि शॉट गेला थेट सातात. "सर, मी अजून नेम धरलाच नव्हता!" स्क्रू अर्धा आटा आवळला. मग टप्पा लागला की ती थांबायला लागली.

गुण लगेच वाढतात म्हणे. रोज अर्धा तास ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव, करून बघा, फुकट आहे.

नळी मोडून भरायच्या स्वस्त स्प्रिंग रायफलीचा ट्रिगर खरंच जड असतो, मान्य. म्हणून कुणी आतला खटका कानशीने घासतो. तोच खटका ताणलेली स्प्रिंग अडवून धरतो. नळी उघडी असताना तो सटकला तर नळी फाडकन वर येते. तरुणपणी मी हा उद्योग केलाय. अंगठ्याचं नख महिनाभर काळंनिळं होतं.

त्या वडिलांना मी स्क्रू फिरवायची अ‍ॅलन की दिली आणि रायफलची माहितीपुस्तिका काढायला सांगितली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होती.