‘डलॉनेगात बघण्यासारखं काही नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या डलॉनेगा सहलीबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. दोन तारे दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं: अटलांटाहून एवढा प्रवास करून जॉर्जिया राज्यातल्या या डोंगराळ गावाला, डलॉनेगाला गेलो तर एक चौक आणि चार दुकानं, तासाभरात गाव संपलं. सोनं धुवायला बसवलं, त्यात हाती आले दोन कण. आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांच्या हकालपट्टीची गोष्ट ऐकवून आईवडिलांचा मूड घालवला. म्हणून पैसे परत हवेत.

गाव लहान आहे, हे आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो. ते लहान का राहिलं, हेच तर तिथे बघायचं असतं. १८२९ मध्ये या टेकड्यांत सोन्यासाठी झुंबड उडाली, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वीस वर्षं आधी. सोनं इतकं निघू लागलं की अमेरिकन सरकारने १८३८ मध्ये या आडगावी टांकसाळ उघडली. पुढे कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी आली आणि खाणकरी तिकडे निघाले. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, टांकसाळ बंद पडली, ती परत उघडलीच नाही. १८७८ मध्ये इमारत जळाली. तिच्याच पायावर आजच्या विद्यापीठाची इमारत उभी आहे. सोनेरी शिखराची ती इमारत आपल्या फोटोंतही दिसते. त्या शिखरावरचा वर्ख डलॉनेगाच्याच सोन्याचा आहे.

चौकाच्या मधोमध १८३६ ची विटांची जुनी कोर्टकचेरी आहे, आता तिथे सोन्याचं संग्रहालय आहे. आपण तिथून लवकर बाहेर पडलात. आपले वडील मात्र नाण्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी मला विचारलं, इथल्या जुन्या नाण्यांवर ‘डी’ आहे आणि खिशातल्या क्वार्टरवरही (पंचवीस सेंटच्या नाण्यावर) ‘डी’ आहे, हे कसं? फार नेमका प्रश्न होता. हे अक्षर नाणं कोणत्या टांकसाळीत पडलं ते सांगतं. जुना ‘डी’ डलॉनेगाचा, आजचा ‘डी’ डेन्व्हरचा. डेन्व्हरच्या टांकसाळीत नाणी पडायला १९०६ मध्ये सुरुवात झाली, तोवर डलॉनेगाची बंद होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती, म्हणून तेच अक्षर पुन्हा वापरता आलं. डलॉनेगात फक्त सोन्याची नाणी पडत. हे वडिलांना सांगताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, त्यामुळे ‘आईवडील कंटाळले’ हे वाक्य मला पटलं नाही.

आता ते दोन कण. सोनं पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड असतं, साधी वाळू जेमतेम अडीच पट. पाण्याखाली ताटली हलवली की जड ते तळाशी बसतं आणि हलकी वाळू काठावरून वाहून जाते. शेवटी ताटलीच्या कडेला काळ्या रेतीची बारीक रेघ उरते, ती बहुतेक लोहखनिजाची. ताटली हळूच तिरकी केली की त्या रेघेच्या मागे पिवळा ठिपका दिसतो. सराफकट्ट्याच्या गटारातली माती धुणारे आपले झारेकरी हेच काम करत आले आहेत. त्यांना रोज काय मिळतं ते विचारलंत तर दोन कणांची किंमत कळेल. आपण ताटली जोरात फिरवत होतात, आईंनी सावकाश फिरवली आणि दोन्ही कण त्यांच्याच ताटलीत सापडले. आम्ही मुठीएवढा गोळा मिळेल असं कधीच सांगत नाही. तसं सांगणारे खोटं बोलतात.

चेरोकींच्या गोष्टीबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. ज्या जमिनीत हे सोनं निघालं ती त्यांची होती. ते जंगलात भटकणारे लोक नव्हते. इथून पश्चिमेला न्यू एकोटा इथे त्यांची राजधानी होती, स्वतःची लिपी होती, आणि त्या लिपीत १८२८ पासून वर्तमानपत्र निघत होतं. सोनं सापडल्यावर जॉर्जिया राज्याने त्यांना त्यांच्याच जमिनीत सोनं खणायला बंदी केली. १८३२ मध्ये त्यांची जमीन सोडतीत काढली, सोन्याच्या भागात चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडून. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत असा निकाल दिला, तरी काही थांबलं नाही. १८३८ मध्ये सैन्याने घराघरांतून माणसं बाहेर काढून छावण्यांत कोंडली आणि नंतर ओक्लाहोमाकडे नेली. छावण्यांत आणि वाटेत मिळून सुमारे चार हजार माणसं गेली असं मानतात. टांकसाळ उघडली तेही वर्ष १८३८ च.

हे गाळून मी डलॉनेगा दाखवलं तर ती फक्त फज नावाची मिठाई आणि वाइनची सहल होईल. आपल्या आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. परतताना त्यांनी विचारलं, त्या लोकांपैकी कुणी मागे राहिलं का? मी सांगितलं, हो, काहीजण नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत राहिले, त्यांचे वंशज आजही तिथल्या चेरोकी नावाच्या गावात आहेत. तिकडे कसं जायचं, हेही त्यांनी विचारून घेतलं.

जेवणाबद्दल एवढंच: चौकात शाकाहारी पदार्थ मोजके मिळतात, म्हणून डबा आणायला आम्ही आधीच कळवतो.

पैसे परत करता येणार नाहीत, कारण कबूल केलेलं सगळं दाखवलं आहे. पण पुन्हा यायचं असेल तर दोन गोष्टी सुचवतो. ऑक्टोबरचे शनिवार-रविवार टाळा, तेव्हा गर्दीत गाडी लावायलाच वेळ जातो. आणि मुलांना मोकळी हवा हवी असेल तर आमची अमिकलोलाची सहल घ्या, ७२९ फुटांचा धबधबा आहे. मात्र पायऱ्या पुष्कळ आहेत. वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे असं आपण म्हणाला होतात, तेव्हा फोन करताना तेवढी आठवण करून द्या, म्हणजे गाडी थेट वरच्या बाजूला नेऊ.