लॉर्ड हॅरिस आणि मुंबईचं क्रिकेट

हॅरिस शील्डचा (मुंबईतली शाळांची क्रिकेट स्पर्धा) विषय निघाला की "लॉर्ड हॅरिसने भारतात क्रिकेट आणलं" हा मेसेज फिरतोच, पण ते चुकीचं आहे. साहेब गव्हर्नर म्हणून मुंबईत आले 1890 च्या एप्रिलमध्ये, आणि पारशांचा ओरिएंटल क्लब 1848 चा, त्यांच्या टीमने 1886 आणि 1888 मध्ये इंग्लंड दौरेही केलेले, वर 1890 च्या जानेवारीतच व्हर्ननच्या इंग्लिश टीमला मुंबईत हरवलं होतं. म्हणजे आयतं ताट वाढलेलं होतं राव!

हां, माणूस प्लेअर म्हणून खरा, चार टेस्ट खेळला आणि चारही कॅप्टन म्हणून, 1880 ची लंडनच्या ओव्हलवरची इंग्लंडमधली पहिली टेस्टसुद्धा जिंकली. जिमखान्यांना जागा दिल्या तेवढं क्रेडिट द्या, बाकी मुंबईत 1893 ची हिंदू-मुस्लिम दंगल पेटली तेव्हा हे पुण्यात गणेशखिंडीला, गव्हर्नरच्या बंगल्यावर होते.