‘इमारत नाही, बस नाही, मग नियम कशाला?’ : अमेरिकेतल्या ऑनलाइन चार्टर शाळांबद्दलच्या एका लोकप्रिय युक्तिवादाचा प्रतिवाद

अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन शाळांचे नियम तपासायची वेळ आली की एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतो. आता तो मराठी पालकांच्या व्हॉट्सॅप गटांतही फिरतो. थोडक्यात असा: ऑनलाइन शाळेला इमारत नाही, बस नाही, म्हणून ती स्वस्त. प्रत्येक क्लिकची नोंद राहते, म्हणून हजेरीत खोट नाही. शाळा वाईट निघाली तर पालक मूल काढून घेतात, म्हणून वेगळ्या देखरेखीची गरज नाही. निकाल कमी दिसतात, कारण मुळात मागे पडलेली मुलेच तिथे येतात. आणि नियम आवळले तर आजारी किंवा शाळेतल्या छळाला कंटाळलेली मुले उघड्यावर पडतील.

पाचही मुद्दे ऐकायला रास्त वाटतात. त्यातला एक अर्धा खराही आहे. पण चार्टर शाळा म्हणजे विद्यार्थ्याकडून फी न घेता, करदात्यांच्या पैशावर, स्वतंत्र मंडळाने चालवलेली शाळा. त्यामुळे पैसा कशावर मोजला जातो हा इथला पहिला प्रश्न आहे, आणि हा युक्तिवाद नेमका तोच टाळतो.

‘स्वस्त पडते’

शाळेला स्वस्त पडते. सरकारला पडते का, ते नियमावर ठरते.

पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण घ्या. तिथे 500 स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक मंडळे, आहेत. मूल सायबर चार्टरमध्ये, म्हणजे ऑनलाइन चार्टर शाळेत, गेले की त्याचे डिस्ट्रिक्ट त्या शाळेला शुल्क देते. हे शुल्क ऑनलाइन शाळेच्या खर्चावर ठरत नाही, डिस्ट्रिक्ट स्वतः दर मुलामागे किती खर्च करते त्यावर ठरते. म्हणजे एकाच ऑनलाइन वर्गात, एकाच शिक्षिकेकडे शिकणाऱ्या दोन मुलांमागे वेगवेगळी रक्कम येते, कारण एकाचे घर सधन डिस्ट्रिक्टमध्ये असते. शिकवण्याचा खर्च मात्र दोघांचा सारखाच.

या हिशेबातून बसचा खर्च, बांधकाम आणि कर्जफेड आधीपासूनच वजा होते, त्यामुळे ‘बस नाही’ ही काही नवी बचत नाही. इमारतीची देखभाल मात्र वर्षानुवर्षे वजा होत नव्हती. ज्या शाळेला वर्ग तापवायचे नाहीत तिला वर्ग तापवण्याचे पैसे मिळत होते.

विशेष गरजांच्या मुलांचे गणित तर आणखी मजेशीर होते. कायद्याने गृहीत धरले होते की प्रत्येक डिस्ट्रिक्टमधली 16 टक्के मुले विशेष शिक्षण घेतात. समजा, डिस्ट्रिक्टमध्ये 5,000 मुले आहेत आणि विशेष शिक्षणावर 1 कोटी डॉलर खर्च होतात. 16 टक्के धरले तर 800 मुले, म्हणजे दर मुलामागे 12,500 डॉलर. पण प्रत्यक्षात अशी मुले 20 टक्के, म्हणजे 1,000 असतील, तर खरा खर्च दर मुलामागे 10,000 डॉलर. वरचे 2,500 हवेतून आले. शिवाय मुलाला पूर्णवेळ मदतनीस लागो की आठवड्यातून तासभर वाचा-उपचार, दर एकच. सायबर शाळांपुरते हे गणित 2024 मध्ये बदलले.

पैसे कुठे गेले? राज्याच्या ऑडिटर जनरलनी, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, फेब्रुवारी 2025 मध्ये पाच सायबर चार्टरचा अहवाल दिला. 2020 ते 2023 या काळात त्यांचे उत्पन्न 47.3 कोटींवरून 89.8 कोटी डॉलरवर गेले आणि शिल्लक गंगाजळी 25.4 कोटींवरून 61.9 कोटींवर. स्वस्ताई होती, पण ती शाळांच्या खात्यात साचली. दुसरीकडे, चार वेगवेगळ्या इयत्तांतून एकेक मूल गेले म्हणून डिस्ट्रिक्टची एकही तुकडी कमी होत नाही, आणि एकाही शिक्षकाचा पगार वाचत नाही.

‘प्रत्येक क्लिकची नोंद असते’

खरे घोडे अडते ते इथे, म्हणून इथे जरा थांबू.

लॉग असा दिसतो: 9:02 ला लॉगइन, 9:20 ला गणिताचे पान उघडले, त्यानंतर काहीच हालचाल नाही, 2:40 ला लॉगआउट. हे 5 तास 38 मिनिटांचे शिक्षण की 18 मिनिटांचे? निष्क्रिय वेळ किती मिनिटांनंतर कापायची हे नियमात लिहिलेले नसेल तर शाळा पहिला आकडा लावेल, आणि कायद्याने तिला चूक ठरवता येणार नाही. दहा ते अकरा या वेळात दोन खिडक्या उघड्या असतील तर एक तास की दोन? मूल कागदावर गणिते सोडवत होते, पुस्तक वाचत होते, तो वेळ कोणी लिहायचा, आणि तो खरा आहे हे कोणी सहीनिशी सांगायचे? मोजणी म्हणजे हेच सगळे प्रश्न. क्लिकची नोंद ही फक्त कच्ची वही.

ओहायोत वर्षाला 920 तास म्हणजे एक पूर्ण विद्यार्थी, आणि 24 तासांत 10 तासांहून जास्त धरायचे नाहीत. रोज पाच तास, 184 दिवस, म्हणजे 920. रोज एकच तास लॉगइन करणारे मूल वर्षाला 184 तास भरते. पट म्हणून ते एक नाही, 0.2 आहे.

इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो, लोकांच्या तोंडी ‘ई-कॉट’, ही तिथली 2000 साली सुरू झालेली प्रचंड ऑनलाइन शाळा. 2015-16 साठी तिने सुमारे 15,300 पूर्ण विद्यार्थ्यांचे पैसे घेतले. शिक्षण विभागाने तासांचे पुरावे मागितले तेव्हा सुमारे 6,300 विद्यार्थ्यांपुरतेच निघाले. एका वर्षाची वसुली 6 कोटी डॉलर, आणि पुढच्या वर्षाची धरून जवळपास 8 कोटी.

शाळेचा बचाव नीट वाचण्यासारखा आहे, कारण नियम तपासणाऱ्याला त्यातच धडा आहे. ‘आमच्याकडे नोंदी आहेत’ असे ती म्हणालीच नाही. तिचे म्हणणे होते की कायदा शिक्षणाची ‘संधी’ देण्याबद्दल बोलतो, मुलाने ती किती वेळ घेतली याबद्दल नाही. 2003 मध्ये राज्याशी झालेल्या कराराचाही तिने आधार घेतला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये हे फेटाळले: किती वेळ भाग घेतला याचा पुरावा विभाग मागू शकतो. एका शब्दाचा अर्थ कोर्टाने लावेपर्यंत शाळा दीड दशक पैसे घेत राहिली होती. ना-नफा म्हणून नोंदलेल्या या शाळेचे व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअर संस्थापकाच्याच खासगी कंपन्यांकडे होते, तेही यातच आले.

महाराष्ट्राला बोगस पट नवा नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली गेली, ती याच कारणाने. ऑनलाइन शाळेत मोजायला डोकेच समोर नसते, म्हणून व्याख्या अधिक काटेकोर लागते.

तासांशिवाय दुसरे मार्ग आहेत, पण बिनचूक एकही नाही. कॅलिफोर्नियात लॉगइनवर नव्हे तर कामावर हजेरी ठरते: मुलाने केलेले काम शिक्षक स्वतः तपासतो आणि ते किती वेळाचे, हे ठरवतो. इथे सगळा भार शिक्षकाच्या सचोटीवर, आणि एकाकडे किती मुले यावर. फ्लोरिडाच्या सरकारी व्हर्च्युअल शाळेला मूल विषय उत्तीर्ण झाल्यावरच त्याचे पैसे मिळतात. लॉगची कटकट गेली, पण गुण सैल द्यायचा मोह आला, म्हणून तिथे बाहेरची परीक्षा जोडावी लागते. तरी माझ्या मते तिन्हींत फ्लोरिडाची पद्धत कमी वाईट. तिथे फसवायचे तर निदान मुलाला काहीतरी पुरे करायला लावावे लागते.

‘पालक मूल काढून घेतील’

त्यासाठी आपले मूल त्या शाळेत आहे हे पालकाला माहीत हवे.

2019 मध्ये सॅन डिएगोत ‘ए-थ्री’ नावाच्या व्यवस्थेवर आरोपपत्र दाखल झाले. 19 ऑनलाइन चार्टर, सुमारे 40 कोटी डॉलर सरकारी पैसा. उन्हाळ्यात मुलांच्या क्रीडासंघांना पैसे देऊन खेळाडूंची माहिती घ्यायची आणि नावे पटावर चढवायची. दुसरी युक्ती जास्त हुशारीची. कॅलिफोर्निया पैसे देते ते सरासरी दैनिक हजेरीवर: हजर दिवसांची बेरीज भागिले शाळेचे दिवस, आणि चार्टरचे वर्ष किमान 175 दिवसांचे. दोन शाळांची वेळापत्रके मागेपुढे ठेवली आणि मूल एकीतून दुसरीत सरकवले, की एकाच मुलाची हजेरी एका वर्षापेक्षा जास्त भरते. कोणत्याही एका शाळेच्या कागदात चूक सापडत नाही. 2021 मध्ये मुख्य आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम सरकारकडे परत आली.

मग परवाना देणारे काय करत होते? कॅलिफोर्नियात परवाना देणारे डिस्ट्रिक्ट चार्टरच्या उत्पन्नाचा साधारण 1 टक्का देखरेख शुल्क म्हणून घेऊ शकते. स्वतःच्या शाळेत दोनशेहून कमी मुले असलेल्या एका डिस्ट्रिक्टने हजारो मुलांच्या ऑनलाइन चार्टरना परवाने दिले होते. हजारोंचा 1 टक्का त्याच्या स्वतःच्या बजेटच्या मानाने मोठा, आणि तपासणीला माणसे मूठभर. ज्याने शिट्टी वाजवायची त्यालाच प्रत्येक नव्या नावामागे पैसे मिळतात.

इंडियानात दोन ऑनलाइन शाळांच्या बाबतीत तेच झाले. 2020 च्या सरकारी लेखापरीक्षणात 6.87 कोटी डॉलर जादा घेतल्याचे निघाले, आणि वारलेल्या एका मुलाचे नावही पटावर होते. त्याचे पालक मूल ‘काढून’ घेणार कुठून?

‘मागे पडलेलीच मुले येतात’

हा तो अर्धा खरा मुद्दा. शाळा सोडलेली, आजारी, एक-दोन वर्षे वाया गेलेली मुले अशा शाळांत खूप असतात. केंद्राचा 2015 चा कायदा चार वर्षांत शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण 67 टक्के किंवा कमी असलेल्या हायस्कूलना सुधारणेच्या यादीत टाकतो. सतराव्या वर्षी परत आलेल्या मुलासाठी ते माप अन्यायाचेच आहे. म्हणून गळती झालेल्यांना परत आणणाऱ्या पर्यायी शाळांना ओहायोत वेगळे प्रगतिपत्रक आहे, त्यात आठ वर्षांपर्यंतचे प्रमाण बघतात. कॅलिफोर्नियात ‘पर्यायी’ दर्जा हवा तर किमान 70 टक्के मुले जोखमीच्या गटातली दाखवावी लागतात. हा उंबरठा महत्त्वाचा. तो नसेल तर कोणतीही ढासळलेली शाळा स्वतःला पर्यायी म्हणवून मोकळी होईल.

पण यावरून निकालच बघू नका असे ठरत नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राने 2015 मध्ये ऑनलाइन चार्टरमधल्या मुलांची तुलना त्यांच्यासारख्याच पार्श्वभूमीच्या, आधीचे गुणही सारखे असलेल्या, नेहमीच्या शाळेतल्या मुलांशी केली. म्हणजे आधीपासून मागे असणे हिशेबात धरलेले होते. तरी 180 दिवसांच्या वर्षात वाचनात 72 दिवसांची तूट निघाली आणि गणितात 180 दिवसांची. 2023 च्या अहवालात ती 58 आणि 124. मुलाने शाळा का सोडली, म्हणजे आजारपण की घरातला गोंधळ, हे अशा तुलनेत पकडता येत नाही, हे मान्य. त्या एका कारणाने गणितातला एवढा खड्डा भरतो असे मात्र म्हणवत नाही. त्याच 2015 च्या आणखी एका अभ्यासात दिसले की नेहमीच्या शाळेत मुलाला एका दिवसात शिक्षकासमोर जेवढा वेळ मिळतो, त्याहून कमी ऑनलाइन चार्टरमध्ये आठवडाभरात मिळतो. कारण शोधायला फार लांब जायला नको.

त्यामुळे नियमात दोन आकडे हवेतच: एका शिक्षकामागे मुले किती, आणि उत्पन्नातला वाटा कशावर. कॅलिफोर्नियात पूर्ण निधी हवा तर 80 टक्के पैसा शिकवण्याशी निगडित कामावर, 40 टक्के पात्र शिक्षकांच्या पगार-भत्त्यांवर, आणि प्रमाण 25 मुलांना एक शिक्षक असे लागते. वाटा घटला की निधी 85 किंवा 70 टक्क्यांवर येतो. शुल्क कशावर मोजायचे याच्या जोडीला असे कलम असेल, तर पेनसिल्व्हेनियासारखी गंगाजळी साचणे अवघड.

‘नियम आवळले तर मुले उघड्यावर पडतील’

मुले उघड्यावर पडली ती उशिरा मोजल्यामुळे. वसुली सुरू झाल्यावर ई-कॉटकडे वर्ष पुरे करायला पैसे उरले नाहीत, आणि जानेवारी 2018 मध्ये, ऐन मध्यात, सुमारे 12,000 मुलांची शाळा बंद झाली. शेवटच्या वर्षाची मुले त्यात होती. क्रेडिट (पुरे केलेल्या विषयांची नोंद) कुठे मोजणार, लॅपटॉप कोणाचा, विशेष शिक्षणाचा आराखडा कोण पुढे नेणार, सगळे एकदम अंगावर आले.

दर महिन्याला नमुन्यादाखल काही मुलांचे लॉग तपासले असते तर तफावत पहिल्याच वर्षी दिसली असती, आणि निधी हळूहळू कमी करता आला असता. सलग गैरहजेरीचा नियमही तिथे होताच: कारण न देता सलग 105 तास भाग न घेतल्यास नाव कमी करायचे. पुढे ती मर्यादा 72 तासांवर आणली. पण हा नियम तासांच्या नोंदीवर उभा आहे, आणि नोंदच सैल असेल तर 105 काय नि 72 काय.

बंद पडण्याची तरतूदही नियमातच लागते. ओहायोत शाळा बंद झाली की सात कामकाजाच्या दिवसांत प्रत्येक मुलाची कागदपत्रे त्याच्या घरच्या डिस्ट्रिक्टकडे पोचवावी लागतात. आपल्या राज्याचे नियम चाळणाऱ्या पालकाने हे कलम आहे का ते आधी पाहावे, आणि मूल अशा शाळेत असेल तर दर सत्राअखेरीस गुणपत्रक आणि क्रेडिटचा उतारा उतरवून स्वतःकडे ठेवावा. शाळेचे पोर्टल बंद झाल्यावर तो कोणाकडे मागायचा, याचे उत्तर मिळायला महिने लागू शकतात.